खिडकीतली हक्काची जागा
(प्रस्तावना)

मांजराला दाराबाहेर न सोडता आयुष्यभर घरातच सांभाळायचं, ही आपल्याकडे अलीकडची रीत आहे. पुण्यातले वाडे, कोकणातली कौलारू घरं, गिरगाव-परळच्या चाळी, सगळीकडे मांजरं होती. पण त्यांना कोंडून ठेवावं असं कुणाच्या मनातही येत नसे. भाटी पोटमाळ्यावर विणार, पिल्लं तोंडात धरून सात घरं फिरवणार, बोका रात्रभर कौलांवरून हिंडून पहाटे चुलीच्या उबेला येऊन पडणार. बसायची जागा ज्याची तो शोधत असे. ओसरीचा कठडा, कणगीचं झाकण, भिंतीतला कोनाडा, परसातला उन्हाचा तुकडा. त्यात माणसाला काही ठरवावं लागत नसे.

मग घरं उंच गेली आणि दारं बंद झाली. दुसरा बदल अमेरिकेत झाला. १९४७ साली मिशिगनमधल्या एडवर्ड लो या तरुणाने ओल शोषून घेणारी माती मांजराच्या शौचासाठी पिशव्यांत भरून विकायला काढली. तोवर लोक राख आणि वाळू वापरत होते. या मातीमुळे घराला वास न लागता मांजर बारा महिने आत राहू शकू लागलं. आपल्याकडे ही सोय बरीच उशिरा आली, पण आज ठाण्यात किंवा हिंजवडीत विसाव्या मजल्यावर मांजर असणं नवलाचं राहिलेलं नाही.

शहरात मांजर घरातच ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. रस्त्यावरच्या गाड्या, कुत्र्यांच्या टोळ्या, बोक्यांच्या मारामाऱ्या आणि त्यांतून लागणारे रोग यांच्या तोंडी आपलं जनावर देण्यात कसलंच स्वातंत्र्य नाही. मात्र दार बंद केलं की एक देणं आपल्या अंगावर येतं. कौलं गेली, गल्ली गेली, परसातलं गवत गेलं; या सगळ्याच्या बदल्यात त्याच्या वाट्याला काय आलं? फ्लॅटमध्ये याला एकच खरं उत्तर आहे, ते म्हणजे खिडकी. म्हणून तिथली बैठक निवडण्याचा प्रश्न हौसेचा नाही. मांजराच्या हद्दीचा जो तुकडा आपण काढून घेतला, त्यातला थोडा तरी परत देण्याचा तो प्रश्न आहे. ही पुस्तिका त्या एका बैठकीविषयी आहे.

उतागावा हिरोशिगे या जपानी चित्रकाराचं १८५७ मधलं एक लाकूडठशाचं चित्र आहे. एदो, म्हणजे आजचं टोकियो, या शहराच्या देखाव्यांची त्याची जी मोठी मालिका आहे, तिच्यातलं. खिडकीच्या रुंद कट्ट्यावर एक पांढरं, आखूड शेपटीचं मांजर अंग गोळा करून बसलं आहे. समोर लाकडी गज. गजांपलीकडे असाकुसाची भातशेती, शेतातून जत्रेला निघालेल्या माणसांची बारीक रांग, वर उडत जाणारे पक्षी आणि क्षितिजावर फुजी पर्वत. कट्ट्यावर बाजूला एक वाडगा आणि टॉवेल आहे. घरात कुणी माणूस दिसत नाही. मांजर झोपलेलं नाही, खेळत नाही, कुणाची वाटही बघत नाही. बाहेर जे चाललं आहे ते पाहणं हेच त्याचं काम आहे आणि त्यात ते पुरतं गढून गेलं आहे. मांजराच्या खिडकीबद्दल जे जाणायला हवं ते बहुतेक सगळं या एका चित्रात आहे. पाय आत घेऊन बसता येईल इतका रुंद कट्टा, बाहेर पडू न देणारे गज, आणि हलणारा, बदलता देखावा.

दुकानात बैठक बघायला जाणारा माणूस यातल्या पहिल्याच गोष्टीचा विचार करतो. कापड मऊ आहे का, रंग पडद्यांना शोभतो का, किंमत किती. माझं म्हणणं असं, की हा क्रम उलटा लावावा. आधी देखावा, मग जाळी, आणि सर्वांत शेवटी फळी. चुकीच्या खिडकीतली महागडी बैठक महिनाभरात कपडे टाकायची जागा होते. योग्य खिडकीत साधा पाट टाकला तरी मांजर तो सोडत नाही.

देखावा आपल्या डोळ्यांनी नव्हे, त्याच्या डोळ्यांनी पाहावा लागतो. मांजराला नाकाजवळची वस्तू नीट दिसत नाही. साधारण वीतभर अंतराच्या आतलं त्याला धूसरच असतं. रंगांत निळा आणि पिवळट-हिरवा ठीक कळतो, लाल फारसा नाही. पण त्याच्या नजरेचा पल्ला दोन्ही बाजूंना मिळून सुमारे २०० अंशांचा असतो, आणि अंधूक उजेडात, जिथे आपल्याला नुसते आकार दिसतात तिथे, ते व्यवस्थित पाहू शकतं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्याचा डोळा हालचालीसाठी घडलेला आहे. समुद्रकिनारी मोठी किंमत देऊन घेतलेल्या घराचं सपाट क्षितिज त्याला कंटाळवाणं वाटू शकतं, आणि मागच्या डक्टमध्ये पाइपांवरून पळणारी खार त्याला तासभर जागेवर खिळवून ठेवते.

म्हणून बैठक घेण्याआधी घरातल्या प्रत्येक खिडकीशी सकाळी सहा-सातला आणि पुन्हा दिवेलागणीला थोडं थांबा. मांजराच्या जागेपणाच्या वेळा याच. खाली वाकून, त्याचं डोकं जिथे येईल तिथून बघा. पिंपळ, बदाम किंवा गुलमोहराची फांदी नजरेच्या टप्प्यात असेल तर ती खिडकी पहिल्या पसंतीची. पिंपळाला फळं धरली की तांबट, बुलबुल, साळुंक्या यांची दिवसभर ये-जा चालते. शिंपी पक्षी तर कुंडीतल्या झाडावरही घरटं बांधतो. अशा वेळी मांजर काय करतं ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. कान पुढे येतात, अंग फळीला चिकटतं, शेपटीचं फक्त टोक हलत राहतं, आणि मग खालचा जबडा थरथरू लागून दातांची बारीक कटकट ऐकू येते. असं का होतं याबद्दल तज्ज्ञांचं एकमत नाही. भक्ष्य दिसूनही हाती येत नाही याची चडफड असावी असं काही म्हणतात. ही उत्तेजना चांगली आहे, पण ती मोकळी व्हायला हवी. पक्षी पाहून झाल्यावर दोरीला बांधलेलं पीस दहा मिनिटं खेळवावं, पकडू द्यावं, आणि मग खाऊ घालावं. नुसतं दाखवत राहणं बरं नाही.

तळमजल्यावरच्या घरांचं दुखणं वेगळं असतं. तिथे खिडकीशी परका बोका येऊन बसतो. आतलं मांजर फुगतं, गुरगुरतं, काचेपलीकडच्याला काही करता येत नाही म्हणून घरातल्या दुसऱ्या मांजरावर किंवा जवळून जाणाऱ्या माणसाच्या पायावर तुटून पडतं. कित्येकदा पडद्यावर आणि दारापाशी लघवीचे फवारेही मारू लागतं. घरच्यांना वाटतं, मांजर बिघडलं. बिघडलेली असते ती खिडकी. काचेच्या खालच्या अर्ध्या भागाला दुधी कागद लावून बैठक वर उचलली, किंवा सरळ दुसऱ्या खिडकीत हलवली, तर पुष्कळदा प्रश्न सुटतो.

उन्हाचं गणित आपल्या मुलखात नीट समजून घ्यायला हवं, कारण परदेशी माहितीपत्रकं थंड देशांसाठी लिहिलेली असतात. मांजराला शरीर ऊबदार राखायला जादा खर्च करावा लागत नाही असं तापमान साधारण ३० ते ३८ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे आपल्यापेक्षा बरंच वर. त्यामुळे पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात ते उन्हाचा पट्टा सरकेल तसं सरकत राहतं. पूर्वेची खिडकी बारा महिने चांगली. दक्षिणेची हिवाळ्यात उत्तम, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे तेव्हा दक्षिणेची खिडकी उलट सावलीत जाते. पश्चिमेची खिडकी एप्रिल-मेमध्ये टाळावी; नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा तर काचेमागची बैठक भट्टी होते. सावलीकडे जायला वाट आणि जवळ पाणी नसेल अशी बैठक विदर्भात लावूच नये. पांढऱ्या कानांच्या मांजराची जास्त काळजी घ्यावी, कारण वर्षानुवर्षं उघड्या उन्हात बसून कानांच्या कडांना कर्करोग होऊ शकतो. आणि कोकणपट्टीत पावसाचा विचार वेगळा करावा. जून ते सप्टेंबर मुंबईत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर. पश्चिम आणि दक्षिणेच्या खिडकीतली गादी ओली होते, तिला बुरशी धरते आणि कुबट वास आला की मांजर तिथे पाऊल ठेवत नाही.

आता जाळी. या प्रस्तावनेत सर्वांत जास्त जागा मी तिला देणार आहे.

मांजर पडत नाही, पडलं तरी चार पायांवर उतरतं, हा समज आपल्याकडे पक्का आहे. न्यूयॉर्कच्या ॲनिमल मेडिकल सेंटरमध्ये उंच इमारतींवरून पडलेली इतकी मांजरं येत की १९७६ मध्ये गॉर्डन रॉबिन्सन या पशुवैद्यांनी त्या दुखापतींच्या समूहाला वेगळं नाव दिलं: ‘हाय-राइज सिंड्रोम’. १९८७ मध्ये त्याच रुग्णालयातल्या १३२ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी साडेपाच मजल्यांवरून ती पडली होती, आणि उपचार केलेल्यांपैकी ९० टक्के वाचली. सातव्या मजल्याच्या वरून पडलेल्यांना इजा उलट कमी दिसली, असंही त्यात होतं. हा आकडा पुढे जगभर फिरला आणि उंच मजला मांजराला सुरक्षित असतो, असा भलताच अर्थ लोकांनी त्यातून काढला. जी मांजरं जागीच मेली त्यांना कुणी रुग्णालयात आणलं नसणार, ही साधी गोष्ट त्यात राहून गेली. क्रोएशियातल्या झाग्रेबमध्ये ११९ मांजरांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळजवळ ६० टक्के मांजरं एक वर्षाच्या आतली होती. म्हणजे सगळ्यांत जास्त पडतात ती पोरवयातली. वाचलेल्यांचंही काही सुखाचं नसतं. टाळू फाटते, जबडा मोडतो, फुप्फुसाभोवती हवा साठते, पाय मोडतात.

मांजर तोल जाऊन क्वचितच पडतं. समोर कबुतर फडफडतं, सगळं लक्ष तिकडे जातं, अंग आपोआप झेपावतं आणि ॲल्युमिनियमच्या चौकटीवर नख रुतत नाही. तोल सांभाळण्याचं त्याचं कौशल्य इथे उपयोगी पडत नाही. म्हणूनच, जिथे जाळी नाही अशा खिडकीशी बैठक लावणं म्हणजे मांजराला हाताने कड्यावर नेऊन बसवणं आहे.

आमच्या खिडकीला ग्रिल आहे, असं उत्तर यावर हमखास मिळतं. ग्रिलच्या गजांमधलं अंतर साधारण चार-पाच इंच असतं आणि मांजराचं डोकं जिथून जातं तिथून बहुतेक वेळा अंगही जातं. पिल्लाला तर दोन इंच पुरतात. बाहेर काढलेलं बॉक्स ग्रिल चांगलं, पण त्याच्या तळाला आणि बाजूंना बारीक वेल्डमेश बसवल्याशिवाय नाही. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी उन्हाने दोन-चार वर्षांत कुजते, आणि चावण्याची खोड असलेलं मांजर ती त्याआधीच तोडतं. डासांच्या फायबरच्या जाळीत नखं घातली की टराटरा फाटते. स्टेनलेस स्टीलची टिकते.

आणि तीन ट्रॅकच्या सरकत्या खिडकीची एक गोम आहे, जी ती बसवणारेही सांगत नाहीत. जाळीचं दार मांजर स्वतः सरकवतं. ते जाळीच्या कोपऱ्यात पुढच्या पंजाची नखं अडकवतं, अंगाचा भार एका बाजूला टाकतं, दार दोन बोटं सरकतं. मग त्या फटीत नाक, नाकामागे डोकं, आणि खांद्याने रेटून उरलेलं दार. सगळं अगदी शांतपणे, काही क्षणांत. दाराला आतून कडी किंवा ट्रॅकमध्ये घट्ट बसणारा लाकडी ठोकळा हवाच. युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींना वेगळी सूचना: तिथल्या वरून तिरक्या उघडणाऱ्या खिडक्यांच्या फटीत मांजर अडकतं आणि सुटायच्या धडपडीत आणखी खाली घसरत चिरडतं. तशी खिडकी मांजराच्या घरात तिरकी उघडी ठेवूच नये.

देखावा ठरला, जाळी झाली, की फळीचं काम सोपं आहे. आपल्या जुन्या इमारतींच्या भिंती नऊ इंची असत, कट्टा ऐसपैस मिळे. नव्या टॉवरच्या भिंती सहा इंचांच्या आसपास आणि त्यातही निम्मी जागा ट्रॅक खातो. उरलेल्या कडप्प्यावर मांजर बसतं, पण अंग सैल सोडून झोपू शकत नाही. शेपटी सोडून मांजराचं अंग दीड फुटाच्या आसपास भरतं. त्याला निदान एक फूट रुंद आणि दोन फूट लांब जागा हवी. म्हणजे बहुतेक घरांत कट्टा आतल्या बाजूने वाढवणं, एवढंच काम असतं. त्यासाठी सुताराकडून अठरा मिलिमीटरचा मरीन प्लाय, दोन मजबूत एल-अँगल आणि पुढच्या कडेला बोटभर उंचीची पट्टी, इतकं करून घेतलं की झालं. भिंत हलक्या सिमेंट ब्लॉकची असेल तर साधी गिट्टी धरत नाही, त्यासाठीचे खास फास्टनर मागावेत. मांजर चार किलोचं असलं तरी उडी घेताना आणि उतरताना फळीवर त्याहून पुष्कळ जास्त जोर येतो. तेव्हा मोठ्या माणसाने तळहाताने दाबून, अंगाचा थोडा भार टाकून पाहावा. फळी जराही डुगडुगता कामा नये. एकदा हललेल्या जागेवर मांजर सहसा पुन्हा विश्वास ठेवत नाही.

काचेला चिकटणाऱ्या सक्शन कपांच्या झोळ्या सध्या फार विकल्या जातात. त्यांच्याबद्दल माझं मत फारसं बरं नाही. काच सपाट, स्वच्छ आणि कोरडी असेल तोवरच कप धरतो. आपल्याकडची धूळ, उन्हाने कडक होणारं रबर आणि पावसाळ्यातली दमट हवा यांपुढे तो किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही. सरकत्या खिडकीत तर आतल्या काचेला झोळी लावली की ती काच जागची हलवायची नाही, आणि बाहेरच्या काचेला लावली तर आतली सरकत नाही. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नसेल तर झोळीपेक्षा खिडकीच्या उंचीचं जड कपाट किंवा बुडाला रुंद असलेला मांजराचा मनोरा खिडकीला लावून ठेवावा. घर बदललं तर तोही बरोबर जातो.

फळीवर सनमायका लावू नये, पाय घसरतो. जुन्या गोधडीचा तुकडा किंवा सतरंजीची घडी सगळ्यांत चांगली: धुता येते, वाळते, आणि घराचा वास तिला आधीच असतो. नव्या जागेवर मांजराला उचलून नेऊन बसवू नये. ते जिथे रोज झोपतं तिथलं फडकं तिथे टाकावं आणि वाट पाहावी. दोन मांजरं असतील तर बैठका दोन, आणि प्रत्येकीवरून उतरायला दोन वाटा.

म्हाताऱ्या मांजराचा उल्लेख केल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले, तर त्यांपैकी ९० टक्क्यांच्या सांध्यांत झीज दिसली. मांजर लंगडत नाही, कण्हत नाही. ते फक्त खिडकीत जाणं बंद करतं. आता त्याला बाहेरची हौस राहिली नाही, असं म्हणून घरचे सोडून देतात. त्याच वेळी वीतभर उंचीच्या दोन-तीन पायऱ्या करून दिल्या, स्टूल किंवा खोकी जरी मांडली, तरी ते पुन्हा वर जाऊन बसतं. ज्यांच्या घरी असं म्हातारं मांजर आहे त्यांनी पुस्तिकेतला पायऱ्यांचा भाग सर्वांत आधी वाचावा.

खिडकीतल्या कुंड्यांबद्दलही थोडं. लिली घरात आणूच नये. तिचं पान, फूल, परागसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतं. कण्हेर आणि सदाफुलीही विषारी. मनी प्लांट चघळल्याने तोंड आणि घसा भाजल्यासारखा होतो. त्यांच्या जागी उथळ ताटलीत गहू पेरावेत, आठवड्याभरात खाण्याजोगे कोंब येतात. लोंबत्या पडद्यांच्या दोऱ्यांचे फास कापून टाकावेत.

पुढच्या प्रकरणांत मापं, नकाशे आणि सुताराला दाखवायची चित्रं दिली आहेत. खिडकीच्या प्रत्येक प्रकारासाठी एकेक पान आहे. आपल्या घराला लागू नसेल ते खुशाल सोडावं. बॉक्स ग्रिलमध्ये किंवा बाहेरच्या बाजूला काही बसवायचं असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्यावी, नाहीतर केलेला खर्च वाया जातो.

वाचकांना विनंती एकच. पुस्तिका वाचून व्हायची वाट न पाहता आजच घरातल्या प्रत्येक खिडकीची जाळी चारही कोपऱ्यांत तळहाताने जोर लावून तपासा आणि सरकती दारं नखाने ओढून पाहा. जी हलेल ती खिडकी दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवा.